पांढऱ्या चादरीपुढचा काटा

ठाण्याहून सव्वासातच्या एसटीने निघालो तेव्हा पिशवीत थोरल्या भावाचा जुना रेंजफाइंडर कॅमेरा होता. सगळा यांत्रिक, सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरच्या काट्याला. हा काटा मी पंधरा दिवस तपासत होतो आणि तरी त्याच्यावर विश्वास बसला नव्हता.

या मीटरचे पाऱ्याचे सेल नव्वदच्या दशकात बाजारातून गेले. त्याच मापाचा नवा सेल बसतो, पण त्याचा व्होल्टेज थोडा जास्त. फिल्मच्या डब्यावर लख्ख उन्हासाठी सोळा हा आकडा दिलेला. काटा बावीस दाखवी. (आकडा जितका मोठा तितकं भिंगाचं छिद्र लहान आणि फोटो काळा. चार, पाच पॉइंट सहा, आठ, अकरा, सोळा, बावीस अशा त्याच्या पायऱ्या.) म्हणून नियम केला: काटा दाखवेल त्यातून एक पायरी वजा. या तपासणीतच रोलमधले तेहतीस फोटो खर्ची पडले. रोल संपल्याशिवाय धुता येत नाही, त्यामुळे निकाल हाती नव्हता. तीन फोटो उरले होते.

वसईत, माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर फ्रान्सिस उभा होता. आम्ही एकाच कचेरीत काम करतो. नवा रोल घ्यावा म्हटलं, तर रविवार, दुकान बंद. रिक्षात त्याने काम समजावून सांगितलं. त्याच्या आईचा तिच्या लग्नानंतर एकही फोटो नव्हता. लाल लुगड्यावर पांघरून चर्चला जायची तिची पांढरी चादर आता घडी घालून ठेवली होती, कारण ती आपल्याबरोबर पुरायची असं तिने घरात बजावलं होतं. त्याआधी तिला फोटो हवा होता.

"मला मात्र तिचा चेहरा हवाय," फ्रान्सिस म्हणाला. "भिंतीवर लावायला. उद्या काही झालं तर माझ्याकडे काहीच नाही."

घर केळीच्या वाडीत (बागेत) होतं. अंगणात गर्द सावली. मावशी, म्हणजे त्याची आई, चादर पांघरून तयारच बसल्या होत्या. कॅमेरा बघून त्यांनी विचारलं, "हा माज्याबरोबरचा हाय का?" मी म्हटलं, तुमच्यापेक्षा बराच लहान. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

मग माझा गोंधळ सुरू झाला. चादरीजवळ कॅमेरा नेला. एक पायरी वजा करून आकडा आला अकरा. चार पावलं मागे सरलो, चादरीमागची काळोखी केळीची पानं मीटरच्या खिडकीत आली, आकडा चार. बाई तीच, सावली तीच, आणि उत्तरात तीन पायऱ्यांचा फरक. ना पांढरा ना काळा, म्हणून त्यांचा तळहात उजेडात धरायला सांगितला. पाच पॉइंट सहा आणि आठ यांच्या मध्ये कुठेतरी. शिवाय नव्या सेलची चूक सावलीत तेवढीच राहते की कमी होते, हे मी तपासलंच नव्हतं. सगळी तपासणी उन्हात केली होती.

"डॉक्टर पन इतका येळ हात धरत नाय," मावशी म्हणाल्या.

शेवटी निर्णय करणं सोडलं. एक फोटो अकरावर, एक पाच पॉइंट सहावर, एक चारवर. रोल संपला. मावशींनी सुकेळी (वाळवलेली केळी) पुढे केली. ती गोड होती एवढंच आठवतं. डोक्यात आकडेच होते.

लॅबमध्ये काहीही दुरुस्ती न करता छापायला सांगितलं आणि तीन आठवड्यांनी परत वसईला गेलो. चारच्या फोटोत चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती होती, पण चादर म्हणजे कोरा कागद. पाच पॉइंट सहाचा मला त्यातल्या त्यात बरा वाटला. अकराचा फोटो मी माफी मागतच पुढे ठेवला. त्यात चेहरा जवळजवळ काळा होता.

मावशींनी तोच उचलला आणि दारातल्या उजेडात नेला. त्यात चादरीच्या काठावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेली वेलबुट्टी दिसत होती. अंगणात ती मला दिसलीच नव्हती.

फ्रान्सिस म्हणाला, "आय, यात तू कुठे आहेस?"

"माजं तोंड तुला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "हे मी लग्नाआधी सा महिने बसून भरलं. मातीत गेल्यावर कोन बघनार?"

फ्रान्सिसने चेहऱ्याचा फोटो घेतला, सुरकुत्यांचा.

परतीच्या एसटीत मी हिशेब मांडून पाहिला. मधल्या फोटोच्या मानाने अकराचा फोटो दोन पायऱ्या चुकला होता. पण काट्याने मोजली होती ती चादरच, आणि चादर तर बरोबर आली होती. मधला, मला बरा वाटलेला फोटो कोणीच घेतला नाही. तो माझ्या खिशात परत आला. अजून वाटतं, एकदा नीट विचारायला हवं होतं की फोटो कशाचा काढायचा आहे. मी फक्त कितीवर काढायचा एवढंच विचारत राहिलो.