मॅटकडे पाठ करून बसलेले शिवप्पा सर

शिवप्पा सर आज सकाळी मैंदर्गीत, त्यांच्या गावी, वारले.

ग्रुपवर त्यांच्या नावानं गळे काढणाऱ्यांनो, जरा दम धरा. तुमचं प्रेम मी फार जवळून बघितलंय. मॅटवर उभी राहून बघितलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

मी उजनीच्या पाण्याकाठच्या गावातून सोलापूरला कॉलेजला आले आणि मुलींच्या कबड्डी टीमची लेफ्ट कॉर्नर झाले. शिवप्पा सर आमचे डिफेन्सचे कोच. चढायांचे कोच वेगळे होते, पण पब्लिक यायचं ते आमच्या पकडी बघायला.

सरांच्या घरात कन्नड. आम्हा पोरींना हाक मारायचे तीही "यव्वा" अशी. समोरच्या टीमला कळू नये म्हणून ते आम्हाला इशाराही कन्नडमध्येच द्यायचे.
"हिडी!" म्हणजे धर.

रेडरचा पाय आत पडला रे पडला की सरांचं "हिडी!" आणि तिच्या घोट्यावर माझे हात. विचार करायला वेळच नसायचा. सगळ्या हॉलला तो शब्द पाठ झाला होता.

मग आम्ही युनिव्हर्सिटीची फायनल हरलो. आमचा डिफेन्स सगळे ओळखून बसले होते, हे खरंच होतं. कॉलेजनं सरांना काढलं आणि अनिता मॅडमना आणलं. वयानं लहान, बोलायला कमी आणि प्रॅक्टिसला भयंकर कडक.

झालं. फॅन लोक पेटले.

एका रात्रीत सगळ्यांचे डीपी काळे.
"सर नाय तर सपोर्ट नाय."
"बाई काय डिफेन्स शिकवणार?"

अरे बाबांनो, खेळत कोण होतं मग? आम्ही कोण होतो?

सगळ्यात पुढे बबलूदादा. कॉलेजचा जुना प्लेयर, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. आमची मॅच असली की गिऱ्हाईक ताटकळत ठेवून हजर. माणूस मनाचा वाईट नाही, पण एकदा डोक्यात गेलं की गेलं.

मॅडमचा डिफेन्स सरांच्या बरोबर उलटा होता.
"पाय आत येऊ दे. थांब. ती परत फिरली की मग धर."

थांबणं किती अवघड असतं ते कॉर्नरला खेळलेल्यालाच कळेल. अंगात मुरलेलं निघत नव्हतं.

आणि तशातच सेमीफायनल आली. आमच्याच हॉलमध्ये. हरलो असतो तर मॅडमची नोकरी गेली असती, हे ऑफिसातल्या शिपायालाही माहीत होतं.

पब्लिक आमच्या पाठीला चिकटून बसलेलं. समोरची रेडर आत आली.
बेंचवरून मॅडम म्हणाल्या, "थांब!"
पाठीमागून अख्खा हॉल ओरडला, "हिडी!"

मी ठरवायच्या आधी माझे पाय निघाले. ती त्याचीच वाट बघत होती. मला हात लावून हसत परत गेली.

पुढच्या पोरींचंही तेच झालं. एकेक करून सगळ्या बाहेर. आमच्याच घरात आमच्यावर लोण.

बबलूदादा खुशीत ओरडला, "बघा! सर नसले की काय हुतंय!"

हाफटाइमला मी तडक त्याच्याकडे गेले.
"दादा, गप बसा की! मॅडमचं ऐकू येत न्हाय आमाला."
"तू खेळ गं. आमी सरांसाठी वरडतोय."

इतक्यात दारातून सरच आत आले. पांढरा शर्ट, हातात पिशवी, एसटीतून उतरून थेट.

हॉल उभा राहिला. "सरांना बेंचवर घ्या! सरांना बेंचवर घ्या!"
मॅडम उठल्या. आपली खुर्ची त्यांनी पुढं केली.

खोटं कशाला बोलू, सरांनी बसावं असं मलाही वाटलं.

सर खुर्चीकडे बघतच राहिले. मग मला विचारलं, "काय सांगितलंय मॅडमनी?"
"थांबायला."
"मग थांब की यव्वा."

आणि ते पब्लिककडे गेले. "सरक रं बबल्या."
एंड लाइनच्या मागं खाली बसले. मॅटकडे पाठ, पब्लिककडे तोंड.
"आता कुणाला हिडी म्हणायचं आसंल तर माज्या तोंडावर म्हणा."

कुणाची छाती होणार?

हॉल इतका गप झाला की बुटांचा आवाज यायला लागला. आम्ही एकेक पॉइंट ओढून आणत होतो. सर मागं वळले नाहीत. शेवटच्या चढाईआधी बरोबरी झाली, तरी वळले नाहीत.

रेडर आत आली. पाय माझ्यासमोर टाकला. काढला. परत टाकला.
मॅडम म्हणाल्या, "थांब."
माझ्या मागं कुणीतरी जोरात श्वास ओढला. शब्द आला नाही.

ती फिरली आणि मी धरली.

त्यानंतर जो दंगा झाला तो सांगत नाही. बबलूदादा आज ग्रुपवर रडतोय, तसाच तेव्हाही रडत होता.

सर माझ्याकडे आले. "धरलीस?"
"धरली."
"कशी? दाव."

चपला काढून मॅटवर आले, पाय पुढं टाकला. ते फिरेपर्यंत मी थांबले आणि त्यांचा घोटा धरला. त्यांनी सोडवून बघितलं. मग पुन्हा एकदा, सगळा जोर लावून.

"सुटत न्हाय की गं!" म्हणून हसले.

मग हसणं थांबलं. तोल जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तो तसाच राहिला.

"ही मी शिकवली न्हाय," ते म्हणाले. "लई चांगली हाय. मॅडमना सांग."

पाय धरून मी तशीच बसून राहिले.

"सोड आता यव्वा. गाडी चुकंल माजी."

सोडला.

सर, त्या दिवशी तुम्ही सांगितलंत म्हणून सोडला होता.
आज सोडतेस का, असं मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तुमच्या लेफ्ट कॉर्नरचा शेवटचा नमस्कार.