पहिल्या काहिलीचा पहारा

कोणी धन राखतो, कोणी कुलकीर्ती राखतो. परंतु आपल्या कानांच्या दारावर आयुष्यभर पहारा देणारा पुरुष मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे कडेगावकडच्या आमच्या गावचे निवृत्त सुभेदार. पलटणीतून परतल्यावर त्यांनी वस्तीभोवती कुंपण घातले ते गुरांसाठी नव्हे, निराशेच्या शब्दांसाठी. "जमायचं न्हाई" असे कोणी अंगणात उच्चारले, की त्याला फाटकाबाहेर जाऊन, वाक्य बदलून, पुन्हा आत यावे लागे. आजारी म्हशीला तपासायला आलेले गुरांचे डॉक्टर "अवघड दिसतंय" म्हणाले, तर त्यांनाही ही फेरी चुकली नाही. म्हैस सायंकाळी गेली. मी समाचाराला गेलो तेव्हा सुभेदार गंभीरपणे म्हणाले, "गेली खरी, शास्त्रीबुवा, पर भिऊन न्हाई गेली!"

आम्ही या पहाऱ्याला हसत होतो ते त्यांची एकुलती लेक सुमन माहेरी परतेपर्यंत. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरचा तो सुमार. सासरी तीन वर्षे "तुला काय येतंय?" एवढेच ऐकून ती अशी झाली होती, की तहान लागली तरी "पाणी पिऊ का?" असे विचारी. वास्तविक वडिलांच्या गुऱ्हाळावर वाढलेली ही मुलगी नुसत्या वासावरून उसाच्या पाकाची अवस्था ओळखत असे. त्या वर्षी पाक पारखून गूळ उतरवणारा जुना गुळव्या अंथरुणाला खिळला, आणि सुभेदारांनी जाहीर केले की हंगामाची पहिली काहील, म्हणजे रस आटवायची ती मोठी कढई, सुमनच्या अंदाजावर उतरेल. भावकीतले थोरले दादा भर पारावर म्हणाले, "सासरची चूल जिला सांभाळली न्हाई, ती चुलाण सांभाळणार व्हय?" सुभेदार पारावरून उठले. वाटेत मला म्हणाले, "गूळ बिघडला तर दुसरा हुतोय, शास्त्रीबुवा. पोरगी पुन्यांदा मोडली तर जुळायची न्हाई."

पहिल्या गुळाचा नैवेद्य देवाला न्यायचा, म्हणून त्या सकाळी मी कुंपणाच्या आतल्या गुऱ्हाळावर होतो. काहिलीखालचे चुलाण रोरावत होते. दादा आपल्या दोघा सोबत्यांसह मुद्दाम काहिलीसमोर येऊन बसले होते. माझे ओठ हलताना पाहून सुभेदार जवळ आले. "काय म्हंताय?"

"संकटनिवारणाचे स्तोत्र."

"संकट कुटं हाय हितं? ते भाईर म्हणा. आत म्हणायचं तर देवाचे आभार माना!" मी निमूटपणे स्तोत्र बदलले.

पाक सोनेरी होऊन फुगू लागला. सुमनने त्याचा थेंब थंड पाण्यात टाकला, बोटांत वळवून पाहिला. एकदा. दोनदा. काहील उचलायला चौघे गडी तयार उभे होते. "उतरवा," ती पुटपुटली. कोणी हलले नाही. दादा हसले, "उतरवू का, असं इच्यार की बापाला!"

तिने वडिलांकडे पाहिले. सुभेदारांचे डोळे पाकावर खिळले होते. त्यांचे तोंड उघडले, "पोरी, जरा..." आणि तिथेच मिटले. त्या एका क्षणात त्या मुलीचा चेहरा पुन्हा सासरी गेलेला मी पाहिला. सुभेदारांनीही पाहिला. ते टाचेवर वळले, स्वतःच फाटकाबाहेर चालते झाले आणि गुऱ्हाळाकडे पाठ करून ताठ उभे राहिले.

आता विचारायला कोणी उरले नव्हते. मग सुमनचा आवाज आला, तो मी तरी पूर्वी कधी ऐकला नव्हता. "उतरवा म्हंते न्हवं! बघत काय उभं ऱ्हायलाय?" काहील उचलली गेली.

दुपारी नैवेद्याचा खडा पळसाच्या पानात घेऊन मी देवळाकडे निघालो. सुभेदार सोबत होते. बरेच अंतर गेल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारले, "मऊ ऱ्हायलाय न्हवं?"

"किंचित," मी म्हणालो.

"मला तवाच कळलं हुतं. दोन उकळ्या कमी पडल्या." ते काही पावले चालले. "पर शास्त्रीबुवा, गूळ बघून दादा खदाखदा हसला, तरी पोरगी रडली न्हाई. म्हणाली, 'आबा, फुडच्या काहिलीला जरा दम धरीन.' फुडच्या काहिलीला, म्हणाली ओ!"

एवढे बोलून ते थांबले आणि उपरण्याने उगीचच मान पुसू लागले. मी गाभाऱ्यात गेलो. देवापुढे तो खडा ठेवताना बोटांना चिकटला, सहज सुटेना. सोवळ्यात असूनही ती बोटे धुवायला त्या दिवशी माझे मन झाले नाही.