सुपडूचा मुंबईचा हंगाम

जळगावच्या आमच्या गिरणीच्या फुटबॉल टीममधले आता आम्ही तिघंच उरलोय. पण तिघं चहाला बसलो की सुपडूचे किस्से काही संपत नाहीत! एक सांगून झाला की दुसरा ओरडतो, "अरे, तो राहिला ना!" मी गोलकीपर, त्यामुळे सगळ्यांचे पराक्रम मागून बघितलेत. ऐका.

*

सुपडू नरडाण्याकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. गिरणीच्या मॅनेजरनं त्याला एका मॅचमध्ये पळताना पाहिलं आणि थेट घर गाठलं. म्हणाला, "पोरगा आम्हाला द्या. काम काही नाही, फक्त फुटबॉल खेळायचा. दरमहा पगार!"

त्या काळी आमच्या भागात असं कुणी ऐकलंच नव्हतं. सुपडूच्या आबांनी डोकं खाजवलं. मग विचारलं, "खेळाना पगार देतस? मग काम करानं काय देतस?"

मॅनेजरनं घाईघाईनं पगाराचा आकडा वाढवला!

*

पोरगं पळायचं वाऱ्यासारखं, पण एका जागी बसेल तर शपथ! स्वतःच्या लग्नातसुद्धा तेच. मंगलाष्टका चालू, अंतरपाट धरलेला, आणि खालून याचा उजवा पाय सारखा हलतोय. अक्षता टाकायच्या सोडून आम्ही पायच बघतोय. शेवटी पलीकडून नवरीनं आपला पाय पुढे केला आणि याच्या पायावर गच्च दाबून धरला.

भटजींनी 'सावधान' जरा जास्तच जोरात म्हटलं!

*

मग एकदा मुंबईचा मोठा क्लब आमच्याशी खेळायला आला. सुपडूनं त्यांना असं काही नाचवलं की विचारू नका. त्यांचे सेक्रेटरी जाताना म्हणाले, "पुढच्या हंगामाला मुंबईला ये. आमच्याकडून खेळ."

झालं! याला दुसरं काही सुचेना. उठता-बसता मुंबई.

आणि नेमकी तेव्हाच लढाई पेटली. गिरणीत खाकी कापडाच्या पाळ्या सुरू झाल्या, मैदानावर कापसाच्या गाठी रचल्या, टीम बंद. मॅनेजर म्हणाला, "आता लूमवर उभा राहा."

सुपडू आणि लूमवर? चार दिवसांत वेडापिसा झाला! तडक गेला भरतीच्या हवालदाराकडे. "फौजमा फुटबॉल शे का?"

"बहुत है!"

"मग टाक मन्हं नाव!"

मी म्हटलं, "येड्या, मुंबईचं काय?"

"वरीसभरमा लढाई सरी जाई. मग मी मुंबईले!"

वर्षभरात लढाई संपते असं त्याला कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

*

फौजेत याला धाडलं मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या वाळवंटात, इटालियन कैद्यांवर पहारा द्यायला. कैदी रोज संध्याकाळी फुटबॉल खेळायचे. सुपडूनं आठवडाभर कळ काढली. मग एके दिवशी शेजारच्या कैद्याच्या हातात रायफल दिली, "धर रे जरा" म्हणाला आणि घुसला मैदानात!

साहेब फेरीवर आला तर कैदी पहाऱ्यावर आणि पहारेकरी गोलसमोर!

बरं, तो कैदीही इमानदार, रायफल घेऊन ताठ उभा. पण साहेब पक्का होता. कोठडी वगैरे दिलीच, वर हुकूम काढला, लढाई संपेपर्यंत यानं बॉलला पाय लावायचा नाही.

पुढे सुपडू सांगायचा, "गोळीनी भीती नही वाटनी रे. पण समोर रोज मॅच चाले, आन् मी बंदूक लिसन उभा!"

*

परत आला तेव्हा सहा वर्षं उलटली होती, गिरणीची टीम पुन्हा उभी राहिली होती. मलेरियानं अंग वाळलेलं, कानशिलं पांढरी. पण घरात टेकण्याआधी माझ्याकडे आला, "मुंबईवालाले बलाव!"

मी खटपट करून बोलावलं. सेक्रेटरी बिचारे खास त्याच्यासाठी जळगावला मॅच बघायला आले.

मॅच सुरू झाली. बॉल पुढे आणि सुपडू मागे. दोनदा तर नुसता पळता पळता पडला. खरं सांगतो, गोल सोडून पळून जावंसं वाटलं.

मध्यंतरात सुपडू माझ्याशेजारी माठापाशी तोंड धूत होता. सेक्रेटरी तिथंच येऊन उभे राहिले. घड्याळ बघत त्यालाच विचारलं, "काय हो, तो सुपडू कुठाय? एवढ्या लांबून त्याच्यासाठी आलो. अजून उतरला कसा नाही?"

मी तोंड उघडणार, तोच सुपडूनं माझा हात दाबला. जर्सीच्या टोकानं चेहरा पुसला आणि साहेबांच्याच मराठीत म्हणाला,

"तो लढाईवरून आलाच नाही, साहेब."