इव्हॅल्युएशन कुणाचं?

आता हसायचंच असेल तर आधी हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबायला नको.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही तेव्हा अबुधाबीत. हे मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये फोरमन, आणि आमचा ओंकार आठ वर्षांचा. बोलण्यात पटाईत, पण वाचायला बसला की अक्षरं उलटीपालटी व्हायची. शाळेने सांगितलं, एक वर्ष मागे बसवा. मी रडले, हे चिडले. शेवटी ठरलं, शाळेबाहेरच्या एका तज्ज्ञ बाईंकडून त्याचं इव्हॅल्युएशन करून घ्यायचं. त्यांचा रिपोर्ट शाळा मानणार होती. त्याआधी बाई माझ्याशी फोनवर बोलणार होत्या, शनिवारी.

नेमकं त्याच आठवड्यात ह्यांच्या कंपनीतही इव्हॅल्युएशन. सुपरवायझरची जागा होती, पण मधून मधून लांबच्या साइटवर, कॅम्पमध्ये राहावं लागणार होतं. "ऑफिसच्या मॅडम घरच्यांशी बोलणारेत," हे म्हणाले. "नीट बोल."

गुरुवारीच फोन वाजला. "मिसेस सावंत? इव्हॅल्युएशनसाठी बोलायचं होतं. आत्ता वेळ आहे?"

ओंकार तिथेच चित्र काढत बसला होता. मी लगेच गॅस बंद केला. ह्यांच्या प्रमोशनपुढे आमटीचं काय?

बोलणं इंग्रजीत. तिथे मुलगाही 'ही' आणि नवराही 'ही', त्यामुळे ओंकार की ओंकारचे बाबा, कळायला मार्गच नाही.

"तो एका जागी बसतो का?"

"छे. दिवसभर उभाच. बसून कामं कशी होणार?"

"इतरांशी पटतं?"

"सगळ्यांशी. फक्त कोणी ऐकलं नाही की आवाज चढतो."

"कधी हात उचलला?"

"एकदाच. पण समोरच्याने आधी स्पॅनर फेकला होता."

"स्पॅनर?"

"मोठा होता, मॅडम. ह्याची काहीच चूक नव्हती."

पलीकडे बराच वेळ नुसता लिहिण्याचा आवाज. मला वाटलं, प्रमोशन पक्कं. मग त्यांनी हळूच विचारलं, "रात्री अंथरूण ओलं करतो का?"

आता सांगा, बायकोला हे कोणी विचारतं? पण मी डोकं चालवलं. कॅम्पमध्ये पलंगावर पलंग असतात. खाली झोपणाऱ्याचा विचार करायलाच हवा. किती काळजी घेते ही कंपनी!

"नाही मॅडम," मी ठामपणे म्हणाले. "लग्न झाल्यापासून एकदाही नाही."

"कोणाचं लग्न?"

"त्याचंच. माझ्याशी."

"मिसेस सावंत," बाई अगदी सावकाश म्हणाल्या, "मी ओंकारबद्दल विचारतेय."

मला तिथेच ओट्याखाली जाऊन बसावंसं वाटलं. मग सगळं पहिल्यापासून. ओंकार ऐकत नाही, वस्तू हरवतो, पेन्सिली चावतो. भडाभडा सांगून टाकलं.

पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन गेलो. बाईंनी पूर्ण सकाळ त्याच्याबरोबर घालवली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "मुलगा हुशार आहे. त्याला डिस्लेक्सिया आहे. मागे बसवायची गरज नाही. परीक्षेत वेळ जास्त द्या, आणि प्रश्न कोणीतरी वाचून दाखवा." शाळेनेही ते मान्य केलं, पण ते नंतर. त्या दिवशी आनंदाने माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

परतताना गाडीत ओंकार म्हणाला, "आई, फोनवर यू सेड सो मेनी नाइस थिंग्ज अबाउट बाबा. माझ्याबद्दल ओन्ली कंप्लेंट्स."

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "नाइस थिंग्ज? माझ्याबद्दल? मला कधी नाही सांगितलंस."

मग काय, घर येईपर्यंत मी मागे वळून ओंकारचं कौतुक करत राहिले. तो किती प्रेमळ, त्याची चित्रं किती सुंदर, लहान मुलांना तो कसा सांभाळून घेतो. कार्टं खिडकीबाहेर बघत गालात हसत होतं.

गाडीतून उतरताना हे म्हणाले, "आमचं दोघांचं झालं. आता तुझं इव्हॅल्युएशन कोण करणार?"

"मी," ओंकार म्हणाला. जरा विचार केला आणि निकाल देऊन टाकला. "आई इज व्हेरी गुड. बट शी आन्सर्स बिफोर द क्वेश्चन."