पिसंवालीच्या आईचे केस

प्रयोगशाळेत तिला सगळे पिसंवाली म्हणत. समुद्रपक्ष्यांची पिसं धुवायची, कातरून चूर करायची आणि चिमुकल्या पुड्या बांधून यंत्राच्या तोंडी द्यायची, हे तिचं काम. पिसातला जड नायट्रोजन, म्हणजे नायट्रोजनचाच जास्त वजनाचा प्रकार, वाढलेला दिसला, की पक्ष्याला मोठे मासे मिळत होते. घटला, की बिचारा किड्यामिड्यांवर भागवत होता. इतका साधा हिशेब.

तिची आई गेली तेव्हा अंगावर नुसती हाडं उरली होती. वडिलांमागे एकटीच राहायची. फोनवर कधीही विचारा, ठरलेलं उत्तर यायचं, "जेवले गं, पोटभर." आई गेल्यापासून धाकट्या भावानं अंथरूण धरलं होतं. अन्न समोर आलं की ताट सरकवायचा आणि विचारायचा, "ताई, आई उपाशी तर राहत नव्हती ना?"

पिसंवालीनं आईच्या फणीत गुंतलेले केस आणले. खाल्लेल्याची खूण केसातही राहते. मुळाजवळचा भाग शेवटच्या महिन्यांचा. तिनं त्यांचे तुकडे केले आणि पिसांच्या रांगेत गुपचूप घुसडले. नायट्रोजनचे आकडे मुळाकडे चढत गेलेले! हातातलं टाकून तिनं भावाला फोन लावला.

"अरे, चांगलं खात होती ती! मासेबिसे, सगळं!"

पलीकडून आधी हुंदके आले, मग हसू.

त्याच आनंदात तिनं आकडे आपल्या शास्त्रज्ञ बाईंना दाखवले. बाईंनी शेजारचा कार्बनचा रकानाही पाहिला.

"मासे खाल्ले असते तर नायट्रोजनसोबत कार्बनचा आकडाही बदलला असता गं. तो जागचा हललेला नाही," त्या हळूच म्हणाल्या. "उपाशी पिलांची पिसं आठवतात ना? खायला नसलं की शरीर स्वतःलाच खातं. तेव्हाही नायट्रोजन असाच चढतो."

आठवत होती की! ती पिसं तिनंच धुतली होती. पण आईच्या बाबतीत तिला हवं तेवढंच दिसलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ताई, आज उठून बसलो. दोन घास गेले. पण बाजार एवढा लांब, मासे कोण आणून देत असेल गं तिला?"

तिनं आकड्यांचा कागद पालथा घातला.

"शेजारीण द्यायची," ती म्हणाली. "तू जेव आधी."

मग फोन ठेवून ती धाय मोकलून रडली.