कोंबडीची पैसेवारी

लोणखेड्याच्या भिलाआप्पांनी तेहतीस वर्षं तलाठ्याची नोकरी केली आणि तेवढ्या काळात त्यांच्या नजरेला एकही पीक पन्नास पैशांच्या वर दिसलं नाही.

पिकाची पैसेवारी म्हणजे भरघोस पीक शंभर पैसे धरलं तर यंदा शेतात किती पैशांचं उभं आहे, याचा सरकारी अंदाज. पन्नासच्या वर गेली की वर्ष चांगलं. सारा भरा आणि गप्प बसा. पन्नासच्या खाली आली की टंचाई, मग सवलती, मग गावभर आप्पांचं नाव. आप्पा कोणाचा चहासुद्धा घेत नसत. त्यांची नजरच तशी होती. कापसात उभे राहिले की त्यांना बोंडं नंतर दिसत, बोंडांमधली मोकळी जागा आधी.

याच नोकरीत त्यांना जुन्या खेळण्यांचा नाद लागला. आगीचे नाहीतर पुराचे पंचनामे करताना माळ्यांवरून काय काय खाली येई. पत्र्याची मोटार, चावीचा बेडूक, लग्नात वाजवलेल्या कॅसेटी, शीतपेयांच्या झाकणांनी भरलेला डालड्याचा डबा. आप्पा फुकट काही उचलत नसत. मोटारीच्या बदल्यात स्टीलचा नवा डबा देत. घरमालकाला वाटे, साहेब साधा माणूस आहे. साहेबांना वाटे, घरमालक साधा आहे. अशा रीतीने समोरची खोली भरली. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली, आणि चिठ्ठीवर पैसेवारी. नजर, सुधारित आणि अंतिम, पिकासारखी तीन वेळा. चारशे वस्तूंत सर्वात वरचा नंबर होता अठ्ठेचाळीस.

निवृत्त होताना शिक्का जमा करावा लागला. थोड्याच दिवसांत शासनाने तलाठ्याचं नावही बदललं, म्हणजे परत जावंसं वाटलं तरी पद शिल्लक नव्हतं. पदाचं त्यांना फारसं काही नव्हतं. शिक्क्याचं होतं. कोरा कागद दिसला की त्यांची मूठ अजून आपोआप वळे.

अशात एक दिवस गावातलाच शिवाजी काखेत पत्र्याची कोंबडी घेऊन पैसेवारी लावून घ्यायला आला. त्याच्या वडिलांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. चावी दिली की दाणे टिपत चालायची.

"आप्पा, नव्वदना वर द्या."

आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. याच शिवाजीने वीस वर्षं शेताच्या बांधावर उभं राहून 'चाळीसना खाले लिखा, आप्पा' म्हणून हात जोडले होते.

"नव्वद कशाला रे?"

"दोंडाईचाना शालकना रेडिओले पुण्याले ऐंशी भेटनात. सासरवाडीमा मन्ही काही इज्जत शे का नही?"

आप्पांनी कोंबडी उलटीपालटी केली. तुऱ्याचा रंग किंचित उडालेला, पोटाखाली एक ओरखडा. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: नजर पैसेवारी, पंचेचाळीस. शिवाजीने ती वाचली, कोंबडी काखेत मारली आणि चपला अर्ध्याच पायात घालून निघून गेला.

पुण्यात असलेल्या मुलीचा, चेतनाचा, त्याच आठवड्यात फोन आला. तिकडे एक कंपनी होती. जुनी खेळणी, कॅसेटी, पोस्टरं तपासायची, दहापैकी गुण द्यायची आणि वस्तू पारदर्शक डबीत सीलबंद करायची. खानदेशासाठी त्यांना एक तपासनीस हवा होता.

"शिक्का मिळतो?" आप्पांनी विचारलं.

"मिळतो ना. गोल."

"कळव त्यांना."

कंपनीने परीक्षेसाठी पाच वस्तू पाठवल्या. आप्पांचे गुण कंपनीच्या गुणांपासून अर्ध्या गुणाच्या आत पडायला हवे होते. आप्पांनी आठवडाभर पाहणी केली, पाच पंचनामे लिहिले आणि पार्सल परत धाडलं. चौथ्या दिवशी कंपनीच्या आशाताईंचा फोन आला.

"आप्पा, आम्ही पाठवलेला बेडूक मूळ खोक्यासकट आहे. चावी चालते, रंग शाबूत. साडेआठचा माल आहे. तुम्ही साडेचार दिलेत. पाचही वस्तूंना पाचाच्या आतच दिलंय."

"मॅडम, पन्नासच्या वर गेलं तर मालकाच्या पदरात काही पडत नाही."



"आप्पा, इथं पन्नासच्या खाली गेलं तर मालकाच्या पदरात काही पडत नाही."

हे आप्पांना कोणी सांगितलंच नव्हतं. आशाताई भल्या होत्या. तुमची स्वतःची एक वस्तू गुण देऊन पाठवा, म्हणाल्या. ती बरोबर आली तर शिक्का, नाहीतर राम राम.

आप्पांनी पत्र्याची निळी-पांढरी मोटार काढली. नजर पैसेवारी: शेहेचाळीस. चहा घेऊन पुन्हा पाहिलं. सुधारित: शेहेचाळीस. त्यांच्या पत्नी गजराबाई दाराशी तूर निवडत बसल्या होत्या.

"शिवाजीना वावरमा गळाइतला कापूस व्हता, तरी तुमी बेचाळीस लिखं," त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "आते या मोटरले बी दुष्काळ लागना का?"

"नजर आहे माझी, काय करू?"

"मंग नजर ठेवा बाजूले. मोजा."

हे आप्पांना पटलं. पीक कापणीच्या प्रयोगात दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखून आतलं धान्य कापतात, मळतात, वजन करतात. तिथे नजरेला कोणी विचारत नाही. आप्पांनी गजराबाईंचा शिवणाचा दोरा घेतला, मोटारीवर शंभर चौकोन आखले आणि एकेका चौकोनातले ओरखडे टिपले. सतरा चौकोन खराब निघाले. त्र्याऐंशी लिहिताना त्यांचा हात दोनदा थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका वस्तूला सुकाळ जाहीर केला होता.

कंपनीने तिला आठ दिले. पंधरा दिवसांनी शिक्का आला. आप्पांनी तो रद्दीवर अकरा वेळा उमटवून पाहिला.

पहिलं गिऱ्हाईक शिवाजीच. या खेपेला कोंबडी चकाकत होती. तुऱ्यापासून पोटापर्यंत गडद निळी.

"हे काय केलंस?"

"तुमी पंचेचाळीस दिधात, म्हनीसन ट्रॉलीना उरेल रंग मारी दिधा. आते तं नवी कोरी दिखी ऱ्हायनी ना?"

आप्पांनी दोरा काढला. मूळ रंग फक्त पायांवर आणि पाठीच्या एका पट्टीत उरला होता. एकतीस चौकोन.

"एकतीस?" शिवाजी ओरडला. "आप्पा, सवयमा लिखी टाकं का?"

"नाही रे. या वेळी दुष्काळ खरा आहे."

शिवाजीने मुकाट्याने चावी दिली. कोंबडी ठणठणीत चालली, दाणे टिपत टेबलाच्या कडेपर्यंत गेली. आप्पांनी ती झेलली आणि चालण्याचे पाच पैसे वाढवले. अंतिम: छत्तीस.

आता पंचनाम्यातला एकच रकाना राहिला होता: नुकसानीचं कारण. तेहतीस वर्षं या रकान्यात आप्पांनी अवकाळी, गारपीट, बोंडअळी असं लिहिलं होतं. ज्यांच्यावर कारवाई होत नाही अशीच कारणं. त्यांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग सरकारी वळणाच्या अक्षरात लिहिलं: मूळ माल पंच्याहत्तरच्या वर. नुकसान तपासनीसाच्या पहिल्या नजरेमुळे.

शिवाजीने बोट ठेवून वाचलं. त्याचा राग बराचसा उतरला आणि त्या जागी काळजी आली.

"आप्पा, हाई तं पुण्याले वाचतीन ना?"

"वाचतील."

"मंग तुमना शिक्का?"

आप्पांनी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि तो आपल्याच नावाशेजारी दाबून धरला. स्वच्छ उमटला. गोल.