फॉर्ममध्ये न मावलेला भात

आत्ताच आसगावहून घरी आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहिते.

गावात हगवणीची साथ येऊन गेली. कोणाच्या पोटात कोणते जंतू आहेत आणि काही घरं साथीतून वाचली कशी, हे शोधायचं आमच्या संशोधन पथकाचं काम. मी घरोघरी शौचाचे नमुने घेते, फॉर्म भरते. आज पुण्याहून मोठे साहेब पाहणीला आले होते.

इंदूबाईंच्या घरात एकालाही हगवण लागली नव्हती. सकाळी काय खाता, मी विचारलं. म्हणाल्या, "रातचा भात पाण्यात भिजवून ठेवतो, सकारी कांद्यासंग खातो. आंबट लागते, पण पोटाले थंड रायते."

फॉर्ममध्ये 'आंबवलेले पदार्थ' म्हणजे दही, इडली, ढोकळा. संपलं. रात्रभर आंबलेला भात त्यात नाहीच. साहेब म्हणाले, "'शिळे अन्न'वर टिक करा." वर बाईंनाच उपदेश, की असलं खाल्ल्यानेच हगवण लागते!

"मंग आमालेच काहून नाही लागली, साहेब?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

परतताना गाडीत त्यांनी बॅगेतून एक छोटी बाटली काढली आणि गटागट संपवली. मला म्हणे, यात जिवंत जंतू असतात, आतड्याला फार चांगले. धन्य ती विद्वत्ता!

आणि 'शिळे अन्न'वर टिक कोणी केली? मीच. मुकाट्याने.

तुमच्या घरी कोणी खातं का असा भात? खाली लिहा. आमच्या फॉर्ममध्ये जागा नाही, इथे तरी नोंद होऊ द्या.